काळा विठ्ठल आणि काळी सून

रंगभेदाचा विषय निघाला की मराठी माणूस पंढरपूरचा दाखला देतो. विठोबा काळा, राम सावळा, कृष्णाचं तर नावच तसं. ज्यांचे देव काळे त्यांच्या मनात काळ्याचा तिटकारा असेल कसा? मग गोऱ्या सुनेचा हट्ट आला कुठून, तर साहेबाकडून. सव्वाशे-दीडशे वर्षं त्याची चाकरी केली, त्याचं कातडं डोळ्यांत भरलं, ते अजून उतरलं नाही. याला जोडून तिसरं म्हणणं येतं. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी ‘आमच्या प्रेमाच्या आड वंशवाद येतो’ असं म्हणावं, कारण त्यांच्या मागे गुलामगिरी आहे. आपल्याकडे फार तर आवडनिवड आहे, आणि आवडीवर खटला भरता येत नाही.

हे पक्ष अडाण्यांचे नाहीत. चांगली शिकलेली, पुरोगामी म्हणवणारी माणसं ते मांडतात, म्हणून त्यांचा समाचार नीट घ्यायला हवा. त्यासाठी मी करंजा समोर ठेवतो. द्रोणागिरीच्या पायथ्याचं, उरणच्या टोकाचं हे कोळ्यांचं गाव. समोर खाडीपलीकडे रेवस, पाठीमागे उरण-पनवेलचा कारखानी पसारा. हे गाव घेण्याचं कारण असं की इथला इतिहास सगळं साहेबाच्या माथी मारू देत नाही. करंजा बेट सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेलं, १७३०च्या दशकात मराठ्यांनी घेतलं आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झालं. दक्षिणेला जंजिऱ्यावर हबशी सिद्दींची सत्ता. त्यांचं आरमार मुंबईच्या बंदरात पावसाळा काढायला येई, ते याच पाण्यातून. म्हणजे गोरा मालक, काळा दास आणि काळा सरदारही या किनाऱ्याने इंग्रजांचं राज्य येण्याच्या कितीतरी आधी पाहिला होता.

त्या काळात काळ्या स्त्रीचं काय होत होतं? अफोन्सो द अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या शिपायांची स्थानिक बायकांशी लग्नं लावून दिली, हे आपल्याला शाळेत सांगतात. कधीकधी कौतुकानेही, की बघा, पोर्तुगीजांना वंशाचा विटाळ नव्हता. पण त्याच्या पत्रांतून दिसतं ते असं, की त्याला त्या बायका गोऱ्या आणि चांगल्या घरच्या हव्या होत्या. मलबारच्या काळ्या बायकांशी लग्न त्याला पसंत नव्हतं. पुढे शंभर वर्षांनी, १६०८ ते १६१०च्या सुमारास, फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी गोव्यात राहिला. त्याने दासींच्या बाजाराचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यात तो म्हणतो की विकायला येणाऱ्या मुली सगळ्या रंगांच्या असतात, पण इथल्या पुरुषांचा सर्वांत जास्त जीव जडतो तो मोझांबिककडच्या काळ्याभोर मुलींवर.

आवडीचा पक्ष घेणाऱ्यांनी इथे थांबावं. पिरारचा शब्द खरा मानला तर काळा रंग त्या पुरुषांना नावडता नव्हता. उलट आवडता होता. तरीही लग्नासाठी पोर्तुगालचा राजा हुंडा देऊन लिस्बनहून अनाथ गोऱ्या मुली जहाजांत घालून गोव्याला पाठवत होता. जिच्यावर जीव जडला ती दासीच राहिली आणि जिला पाहिलंही नव्हतं ती बायको झाली. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश गोव्यात राहून गेलेला; त्याने बार्बरा नावाच्या काळ्या दासीच्या रूपावर कविता केली आणि ती अजून नावाजली जाते. कविता मिळाली, एवढंच. काळ्या स्त्रीला कुणी पसंत करत नाही ही तक्रारच मुळात अपुरी आहे. पसंत तर तिला नेहमीच करत आले. प्रश्न आहे तो पसंतीनंतर काय दिलं याचा: नाव, घर, पोरांना वारसा.

पोर्तुगीजही गोरेच की, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग गोऱ्यांना बाजूला ठेवून अहमदनगरला जाऊ. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला, आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. १६००च्या सुमारास त्याने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. आता यापेक्षा मोठं लग्न कोणतं? पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की १६१०मध्ये सुलतानाची दुसरी बायको, एक गोरी इराणी स्त्री, अंबरच्या मुलीला भर महालात वाटेल तसं बोलली. तिचा आशय असा, की तू काय, एक काफिर दासी आणि राजाची रखेल. मुलीने बापाला सांगितलं, आणि ब्रुकच्या म्हणण्याप्रमाणे अंबरने सुलतानालाच विष देवविलं. नवा सुलतान गादीवर आला.

हबशी आपल्याकडे एवढे वर चढले, म्हणजे दख्खनला रंगाचं वावडं नव्हतं, असं इतिहासप्रेमी लोक नेहमी सांगतात. मलिक अंबर, इखलास खान, सिद्दी जौहर ही नावं घेतात. ही सगळी नावं पुरुषांची आहेत. ब्रुकच्या हकिगतीत ती मुलगी फक्त अंबरची मुलगी म्हणून येते. बाप राजे बसवत आणि उतरवत होता, लग्न विधिपूर्वक झालं होतं, तरी घाव घालायचा तर सवतीने नेमकी जागा शोधली: तू बायको नाहीसच. काळ्या पुरुषाला तलवारीने जे धुऊन काढता आलं ते काळ्या मुलीला लग्नानेही काढता आलं नाही. ही घटना सुरतेला इंग्रजांची वखार पडण्याच्याही आधीची.

आणखी मागे जायचं असेल तर वासिष्ठ धर्मसूत्राचा अठरावा अध्याय आहे. काळ्या वर्णाची स्त्री ही केवळ रतिसुखाची, तिच्याबरोबर धर्मकार्य होत नाही, अशा अर्थाचं वचन तिथे आहे. यास्काच्या निरुक्तातही हाच विचार येतो. पिरारच्या बाजारातली आणि अल्बुकर्कच्या पत्रातली वाटणी इथे दोन सहस्रकांपूर्वी शास्त्रात बसलेली दिसते. यावर पंडित उत्तर देतील की काळ्या वर्णाची म्हणजे शूद्र स्त्री, कातडीचा संबंध नाही. मला हे उत्तर मान्य आहे. ते माझंच काम करतं. जन्माला हलकं ठरवायचं आणि त्याची खूण म्हणून रंगाचं नाव द्यायचं, हीच तर वंशवादाची रीत. जाता जाता हेही सांगायला हवं की मनू पिंगट वर्णाची मुलगी करू नये असं म्हणतो. शास्त्रकार सरसकट गोऱ्या कातडीचे भक्त होते असा माझा दावा नाही. द्रौपदी काळी होती आणि तिच्यासाठी राजांची झुंबड उडाली, हेही खरं. पण ती द्रुपदाची मुलगी होती तोवर. द्यूतसभेत तिचा दर्जा पणाला लागल्याबरोबर तिला दासी म्हणायला कुणाची जीभ अडली नाही.

काळ्या देवांचा दाखला इथेच लंगडा पडतो. आपण ज्या काळ्या रूपाची आरती करतो ते बहुतेक पुरुषाचं आहे. मुलग्याचा रंग कोण बघतो, हे वाक्य मराठी घरात बायकाच म्हणतात. पंढरपूरची रखुमाईही काळ्या पाषाणाची आहे, असं कुणी सांगेल. पण रखुमाईचं स्थळ घेऊन कुणाला दारोदार जावं लागलेलं नाही.

साहेबाला मी पूर्ण निर्दोष सोडत नाही. हर्बर्ट रिस्लीने १९०१च्या जनगणनेच्या वेळी नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावली, आणि आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांनी ती आनंदाने वाचली. पण गोरेपणाच्या ज्या मलमाने घराघरांतल्या मुलींना आरशासमोर उभं केलं ते ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं १९७५मध्ये, साहेब जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर. मागणी इथलीच होती. आणि पेशवाईचं काय करायचं? त्या काळी कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्या जात, भेट दिल्या जात. शिंदळकीचा ठपका ठेवून बायकांना सरकारात बटकी करत. त्यांच्या पोटी मालकापासून झालेली पोरं लेकवळी म्हणून वेगळी काढली जात. जेवणाच्या पंगतीपासून लग्नाच्या सोयरिकीपर्यंत त्यांची जागा निराळी. शनिवारवाड्याच्या छायेत हे चालू होतं तेव्हा पुण्यात इंग्रजांचा फक्त वकील राहत होता.

आता अमेरिकेकडे पाहू. आमची तुलना तिकडच्या काळ्या बायकांशी करू नका, त्यांचं वेगळं, असं म्हणणाऱ्यांनी तिथला एक कायदा पाहावा. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६२मध्ये ठरवलं की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. बाप गोरा मालक असला तरी दासीचं पोर दास. इंग्लंडात बापाचं नाव चालत होतं. इथे मुद्दाम उलटं केलं, कारण त्यात फायदा होता. मालकाची वासना त्याच्या मालमत्तेत भर घालू लागली. गुलामांच्या आपसांतल्या लग्नांना कायद्याची मान्यता नव्हती. नवरा एका बाजाराला आणि बायको दुसऱ्या बाजाराला विकता येई. टॉमस जेफरसनने स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, आणि त्याच्या घरी सॅली हेमिंग्ज नावाची दासी होती, त्याच्या वारलेल्या बायकोची सावत्र बहीण. तिला त्याच्यापासून मुलं झाली, हे १९९८च्या डीएनए चाचणीनंतर बहुतेक इतिहासकार मानतात. त्याने तिला कायद्याने मुक्त केलंच नाही. जेफरसनला ती नावडती होती असं कोण म्हणेल?

व्हर्जिनियाचा १६६२चा कायदा आणि आपली लेकवळ्यांची पंगत शेजारी ठेवली की दोन्हीकडे यंत्र एकच दिसतं. मालकाला दासीच्या शरीरावर हक्क, दासीला मालकावर कसलाच नाही, आणि पोर आईच्या पायरीवर. फरकही मोठे आहेत. अमेरिकेत ते अख्ख्या वंशावर लादलं गेलं आणि कातडी ही जन्मभर न पुसणारी पाटी झाली. आपल्याकडे जातींच्या शेकडो पायऱ्या, आणि एकाच घरात एक बहीण उजळ तर दुसरी सावळी. पण तिकडच्या स्त्रियांचं दुःख परकं आणि आपलं फक्त आवडीचं, अशी भिंत घालता येत नाही.

त्या स्त्रियांनी या सगळ्याला काय उत्तर दिलं, हे आपल्याकडे कमी सांगितलं जातं. यादवी युद्धानंतर गुलामी संपली तेव्हा हजारो जोडपी, काही तर वीस-तीस वर्षं एकत्र राहिलेली, आपलं लग्न नोंदवायला रांगेत उभी राहिली. विकल्या गेलेल्या नवऱ्याचा, बायकोचा, पोरांचा शोध घेणाऱ्या जाहिराती कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत पुढे कित्येक वर्षं येत होत्या. लग्नाचं मोल त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तरी १९६५मध्ये डॅनियल मॉयनिहानच्या सरकारी अहवालाने काळ्या समाजाच्या दुरवस्थेचं मोठं कारण म्हणून काय दाखवलं, तर घर चालवणारी, वरचढ काळी बाई. आधी तिचं घर मोडायचं, मग ती एकटीने घर ओढते म्हणून तिला दोष द्यायचा. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहबंदी रद्द केली ती १९६७मध्ये. तोवर अमेरिकेतली सोळा राज्यं अशा लग्नाला गुन्हा मानत होती.

हा निकाल वाचताना बाबासाहेबांची आठवण येते, आणि इथे माझ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप येऊ शकतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात आंबेडकरांनी स्पष्ट म्हटलं आहे की युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या संदर्भात रंगाला नको तेवढं महत्त्व दिलं. मग रंगाची चर्चा करणारा मी त्यांच्या विरोधात जातो का? मला तसं वाटत नाही. त्याच निबंधात ते दाखवतात की जातीचा प्राण म्हणजे आपसांतच लग्न करण्याचं बंधन, आणि ते टिकवायचं तर बाईच्या शरीरावर पहारा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्या पहाऱ्याचे प्रकार. म्हणजे जात कातडीत नसते, लग्नात असते. मी वर जे सांगत आलो ते याच वाटेने. अमेरिकेत तरी वंश कातडीत कुठे होता? सॅली हेमिंग्जच्या चार आजी-आजोबांपैकी तीन गोरे होते. लग्नाच्या आणि वारशाच्या कायद्यांनी तिला काळी करून ठेवलं. रंग ही त्या कुंपणावरची पाटी, कुंपण विवाहाचं.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनात याचा इकडचा पुरावा आहे. दलित घरातली मुलगी, संस्कृतात एम.ए., गुणवत्तेबद्दल सगळीकडे वाहवा. नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय विवाह झाला, आडनाव बदललं, आणि मग नेमणूक झाली. तिच्या संस्कृताचं कौतुक करणाऱ्यांना ती आधीही आवडतच होती.

करंज्याकडे परत येतो, कारण इथे हे सगळं रोज, साध्या रूपात चालतं. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य असतं. गोऱ्यापान मुली आडवं लुगडं नेसून, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपली घेऊन नाचतात, पालक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. कोळीण ही मराठी रसिकतेची लाडकी आहे: ठसकेबाज, खमकी, अंगभर दागिने. आता तेच पालक आपल्या मुलाने धक्क्यावर म्हावरं विकणाऱ्या बाईची मुलगी पसंत केली तर काय म्हणतील? रंगाबद्दल ते बोलणार नाहीत, तेवढे ते सुसंस्कृत आहेत. ते वासाबद्दल बोलतील. आवाजाबद्दल बोलतील, ‘त्यांच्याकडे बायका फार बोलतात हो’. मॉयनिहानने अहवाल लिहिला तो याच सुरात. बंदरावरच्या व्यवहारात पैसा बाईच्या हातात असणं, भाव करताना आवाज चढवता येणं, हा तिचा धंद्यातला गुण. नाचात तो ठसका ठरतो आणि सोयरिकीत खोट.

कोळी-आगरी समाज यातून सुटला आहे, असंही नाही. उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील, ही ताकीद आता इथल्या मुलींनाही मिळते. त्यांच्या आज्यांनी सुकट-बोंबील वाळवताना कुठल्या सावलीचा विचार केला होता? जमिनी बंदराला आणि नव्या शहराला गेल्या, काहींच्या हाती मोबदल्याचा पैसा आला, हळदी मोठ्या झाल्या, आणि नवरीच्या अंगावरचं उन्हातलं काम उतरवणं हा प्रतिष्ठेचा भाग झाला. उन्हात राबलेलं अंग काळं दिसतं, आणि राबणं आपण आता मागे टाकलं हे सोयऱ्यांना दाखवायचं असतं. यात मला त्या मुलींचा दोष दिसत नाही. अंबरच्या मुलीने लग्नाने जे मिळवू पाहिलं तेच त्या मिळवू पाहतात.

मग राहतो आवडीचा पक्ष. अमेरिकेत ओके-क्युपिड या जोडीदार जुळवणाऱ्या संकेतस्थळाने २००९मध्ये आपल्या वापरकर्त्यांची आकडेवारी जाहीर केली. तीत सर्वांत कमी उत्तरं काळ्या स्त्रियांना मिळत होती, त्या स्वतः मात्र भरभरून उत्तरं देत होत्या. लाखो लोकांची खासगी आवड एकाच दिशेला झुकत असेल तर ती खासगी कशी? एका माणसाची आवड ही त्याची गोष्ट. सगळ्यांची आवड एकाच बाईच्या दारावरून वळून पुढे जाते तेव्हा रस्ता कुणीतरी तसा बांधलेला असतो. आणि तो रस्ता दुसऱ्या टोकाला कुठे निघतो तेही पाहावं. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीच्या खिडकी भागात एका मंत्र्याने कार्यकर्त्यांसह मध्यरात्री आफ्रिकी स्त्रियांना घेरलं, त्या वेश्याव्यवसाय करतात अशा खात्रीने. ती खात्री कुठून आली? जिच्याशी लग्न होत नाही ती कशासाठी असते, याचं उत्तर आपल्याकडे धर्मसूत्रापासून तयार आहे.

शेवटचा आक्षेप नेहमी चिडून येतो: मग काय, न आवडणाऱ्या मुलीशी बळेच लग्न करायचं? नाही. असं कुणीच मागितलेलं नाही, काळ्या अमेरिकन स्त्रियांनीही नाही, इथल्या सावळ्या मुलींनीही नाही. मागणं एवढंच आहे की बघण्याआधीच नाव यादीतून काढू नये. २०२०मध्ये डलासमधल्या एका भारतीय वंशाच्या स्त्रीने अर्ज फिरवला आणि शादी डॉट कॉमला रंगाची चाळणी काढून टाकावी लागली. तेव्हा कोणाच्याही आवडीला धक्का लागल्याचं ऐकिवात नाही. पण आपल्या लग्नजुळणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या बायोडाटांत उंची आणि रक्तगट यांच्या मधोमध ती ओळ अजून बसलेली आहे: रंग गोरा, निमगोरा, गव्हाळ. काळा असं लिहिलेलं क्वचितच दिसतं. त्या मुलीची ओळ कोरी सोडतात, आणि वाचणाऱ्याला समजायचं ते समजतं. रक्तगटाचं कारण डॉक्टर सांगू शकेल. रंगाच्या ओळीचं कारण बायोडाटा लिहिणाऱ्या बापाने सांगावं, विठोबाला मध्ये न घालता.